तपासायचं कोणाला?

गेल्या महिन्यात आमच्या नात्यातलं एक ठरलेलं लग्न मोडलं. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीतच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांनी कृपया मला फोन करून नावं विचारू नयेत, मी सांगणार नाही.

मुलगी माझी नातच लागते. साखरपुड्याच्या आधी तिनं मुलाला सांगितलं की लग्नाआधी आपण दोघं रक्त तपासून घेऊ. एच.आय.व्ही., बी प्रकारची कावीळ आणि व्ही.डी.आर.एल. आधी स्वतःची तपासणी करून तिनं रिपोर्ट त्याला पाठवला, मग त्याचा मागितला. मुलगा "हो, करतो" म्हणाला होता म्हणे. दोन दिवसांनी त्याच्या वडिलांचा फोन आला, आमच्या घराण्यावर असा संशय आजवर कोणी घेतला नव्हता. इथवर ठीक. पण त्यांच्याकडच्या एका बाईंनी पुढे जे विचारलं ते माझ्या कानातून जात नाही. त्या म्हणाल्या, "जी मुलगी स्वतःहून अशी तपासणी करून येते, तिला तशी गरज का वाटली?"

त्यानंतर मला चार फोन आले. सगळ्यांचं म्हणणं एकच, तुम्ही मोठ्या, शिक्षिका होतात, ती तुमचं ऐकते, तिला दोन शब्द सुनवा. सिकलसेलचं कार्ड बघितलं तर कुणाला राग येत नाही हो, आमच्या विदर्भात आता सोयरीक करताना ते सर्रास बघतात. मग हाच कागद एवढा का झोंबला? मी दोन आठवडे विचार करत होते. चाळीस वर्षं भाषा आणि इतिहास शिकवल्यामुळे असेल, मला उपदेश सुचेना, इतिहासच आठवत गेला. तोच लिहिते. मधे माझी स्वतःचीही एक गोष्ट येईल. ती मी घरात कोणालाच सांगितलेली नाही, तेव्हा सुनांनी आणि भाच्यांनी जरा बसून वाचावं.

"गुप्तरोग" हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो भिंतीवर. माझं माहेर कामठीचं. आगगाडीनं नागपूरला जाताना रुळालगतच्या भिंतींवर पांढऱ्या चुन्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असे, गुप्तरोगावर खात्रीचा इलाज. तेव्हा शाळेत आम्हांला चंद्रगुप्त, समुद्रगुप्त चालू होते. मी बाबांना विचारलं, हा रोग गुप्त घराण्यातला का? बाबांनी दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघायला सुरुवात केली. आईनं माझ्या हातावर चापट मारली. माझं उत्तर राहिलं ते राहिलंच.

पुढे बी.ए.ला मराठी घेतलं तेव्हा शब्दांचा नाद लागला. जुन्या माणसांच्या तोंडी "गरमी" आणि "परमा" हे दोन शब्द होते. परमा हा प्रमेहाचा अपभ्रंश. गरमी म्हणजे सिफिलिस, आणि तिला संस्कृतात नाव मिळालं "फिरंग रोग". सोळाव्या शतकातल्या भावमिश्रानं आपल्या "भावप्रकाश" या ग्रंथात हे नाव दिलं, कारण हा रोग फिरंग्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, संसर्गानं आला असं वैद्यांचं मत होतं. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला आणि त्यानंतर थोड्याच काळात हा रोग आपल्याकडे दिसू लागला, तेव्हा वैद्यबुवांचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. गंमत अशी की तिकडे युरोपात इटलीचे लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच त्याला नेपल्सचा म्हणत. हा रोग आपल्या घरचा आहे असं आजवर एकाही भाषेनं म्हटलेलं माझ्या वाचनात नाही!

आता कामठी. ही इंग्रजांची छावणी, १८२१ सालची. लहानपणी आम्हांला छावणीच्या एका बाजूला जायची बंदी होती. का, ते कुणी सांगत नसे. "तिकडं नाही जायचं" एवढंच. मोठेपणी छावण्यांबद्दल वाचलं तेव्हा त्या बंदीचा थोडा उलगडा झाला.

१८५७ नंतर इंग्रजांनी हिंदुस्थानात गोऱ्या शिपायांची संख्या खूप वाढवली. ही तरुण पोरं, बहुतेक बिनलग्नाची, कारण फारच थोड्या शिपायांना लग्नाची परवानगी मिळे. साहजिकच छावणीच्या बाजारात वेश्यावस्ती आली, आणि पलटणीचे कितीतरी शिपाई गरमी नि परम्यानं दवाखान्यात पडून राहू लागले. सरकारला काळजी पडली ती शिपायांच्या हजेरीची. म्हणून १८६४ साली छावण्यांसाठी कायदा झाला आणि १८६८ साली शहरांसाठी सांसर्गिक रोगांचा कायदा झाला. या कायद्यांनी बायकांची नोंदणी सुरू झाली. नोंद झालेल्या बाईला तिकीट मिळे. ठरलेल्या दिवशी तिनं सरकारी डॉक्टरपुढे जाऊन तपासून घ्यायचं. रोग आढळला तर बरी होईपर्यंत "लॉक हॉस्पिटल"मध्ये राहायचं. तपासणीला आली नाही तर दंड किंवा कैद. मुंबई इलाख्यात पुणे, खडकीसारख्या छावण्यांत असे दवाखाने होते. लॉक हे नाव लंडनच्या १७४७ सालच्या एका दवाखान्यावरून आलं. कुलपाशी त्याचा संबंध नाही असं जाणकार म्हणतात. पण आपल्याकडच्या बाईला त्याचा अर्थ कुलूपच वाटला असेल, आणि तो फारसा चुकलाही नसता.

आणि शिपाई? त्यांची तपासणी कोण करी? पूर्वी ब्रिटिश सैन्यात शिपायांना ओळीत उभं करून तपासण्याची पद्धत होती. १८५९ च्या सुमारास ती बंद झाली, कारण तशा तपासणीनं शिपायाचा स्वाभिमान दुखावतो असं ठरलं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ नुसती बसून राहिले. पाच-सहा वर्षांच्या आत बायकांची सक्तीची तपासणी सुरू होते, आणि पुरुषांची बंद झाली ती त्यांना लाज वाटते म्हणून.

बरं, त्या तपासणीत कळत तरी काय होतं? परम्याचा जंतू सापडला १८७९ साली. सिफिलिसचा १९०५ साली, आणि त्याची रक्ताची पहिली तपासणी, वासरमनची, १९०६ साली. म्हणजे हा कायदा होता तोवर डॉक्टर नुसत्या डोळ्यांनी बघून ठरवत होते की ही निरोगी नि ही रोगी. बायकांच्या अंगात यातले पुष्कळसे आजार वरून काहीच न दिसता राहतात. औषध म्हणून पारा, तोही विषच. उपकरण एकीला वापरून धड न धुता दुसरीला वापरलं गेलं तर काय होत असेल याचा विचार मी करू शकत नाही.

छावणी हे छोटंसं गावच. कोणाचं तिकीट, कोणाची पाळी कोणत्या वारी, कोण परवापासून दिसत नाही, हे पाणी भरणाऱ्यापासून सगळ्यांना कळत असणार. नोंद टाळणं हाच एक उपाय बायकांच्या हातात होता. मुंबई शहरात हा कायदा १८७० साली लागू झाला, १८७२ साली थांबला, १८८० साली पुन्हा आला आणि १८८८ साली गेला. त्या सबंध काळात बहुसंख्य बायका नोंदवहीत आल्याच नाहीत. १८८६ साली तर लष्करी अधिकाऱ्यांच्या सहीनं एक परिपत्रक निघालं की पलटणींच्या बाजारात पुरेशा आणि दिसायला बऱ्या बायका ठेवाव्यात. ते उघडकीला आल्यावर इंग्लंडात बोंब झाली आणि १८८८ साली कायदा रद्द झाला. पण छावण्यांतली पद्धत आतून चालूच राहिली. १८९१-९२ साली एलिझाबेथ अँड्र्यू आणि कॅथरीन बुशनेल या दोन अमेरिकन बायका उत्तरेकडच्या दहा छावण्या फिरल्या आणि तिथल्या बायकांशी बोलून त्यांनी हे जगापुढे आणलं. त्या बायकांना सगळ्यात जास्त तिटकारा होता तो तपासणीचा.

लष्कराची बाजूही सांगायला हवी, नाहीतर माझ्यातली शिक्षिका मला माफ करणार नाही. १८९५ साली हिंदुस्थानातल्या दर हजार गोऱ्या शिपायांमागे या रोगांसाठी दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण पाचशेच्या वर गेलं होतं. लष्कर म्हणालं, बघा, कायदा काढला त्याचं फळ. पण कायदा होता तेव्हाही आकडा चढतच होता. अर्ध्यांनाच तपासलं तर दुसरं काय होणार?

पुढचं भराभर सांगते. १९१० साली साल्व्हर्सन हे औषध आलं, १९४३ साली पेनिसिलिननं सिफिलिस बरा होतो हे सिद्ध झालं, आणि १९४६ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत रक्ताची सोपी तपासणी तयार झाली. त्या प्रयोगशाळेच्या नावाची आद्याक्षरं म्हणजे व्ही.डी.आर.एल. आपल्या कागदांवर अजूनही तेच असतं. आपल्याकडे र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत "समाजस्वास्थ्य" मासिक काढून हे सगळं उघड मराठीत लिहीत होते. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यात त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. आमच्या घरी ते मासिक कधी आलं नाही. आलं असतं तर मला आगगाडीत चापट बसली नसती.

आता माझी गोष्ट.

१९७३ साली मी एका तालुक्याच्या गावी शाळेत लागले. तेव्हा गडचिरोली जिल्हा व्हायचा होता, तो १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झाला. गाव एवढं लहान की बाजारात वांगी घेतली तर संध्याकाळपर्यंत शेजारणीला भाव माहीत. दोन मुलं झाल्यावर, १९८० च्या आसपास, मला अंगावरून पांढरं जाऊ लागलं. खाज, आग, वास. कंबर दुखायची. वर्गात उभं राहणं नको वाटे. वर्ष-दीड वर्ष मी ते अंगावर काढलं.

गावात डॉक्टर होते, चांगले होते. पण त्यांच्या कंपाउंडरची मुलगी माझ्या आठवीच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. चिठ्ठी तो वाचणार, औषध तो बांधणार. आणि मी फळ्याकडे तोंड केलं की ती पोर शेजारणीच्या कानात काय सांगेल, या विचारानंच माझे पाय दवाखान्याच्या पायरीशी अडायचे. पोर बिचारी गुणी होती, कदाचित काहीच बोलली नसती. तिचा बापही बोलला नसता. पण हे मला आज वाटतं.

आणखी एक गोष्ट इथं कबूल करते. आणीबाणीत आम्हां मास्तरांना नसबंदीच्या केसेस आणायचं काम दिलं होतं. इतक्या केसेस आणा नाहीतर पगार थांबेल. मी उन्हातान्हात घरोघर फिरले आहे, बायकांना विचारलं आहे, किती मुलं, ऑपरेशन झालं का. त्यातल्या एका बाईनं मला ओट्यावर बसवून हळूच म्हटलं होतं, "बाई, ऑपरेशन राहू द्या जी, मले अंगावर लई जाते, त्याचं काही होते का?" मी म्हटलं, दवाखान्यात दाखवा. आणि वहीत तिच्या नावापुढे फुली मारून पुढच्या घरी गेले. चार वर्षांनी मला तेच झालं तेव्हा तिचा ओटा मला आठवला.

१९८१ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी एस.टी.नं नागपूरला गेले. घरी सांगितलं, दात दाखवायचा आहे. नागपूरला एका लेडी डॉक्टरकडे गेले आणि नाव विचारलं तेव्हा माहेरचं आडनाव सांगितलं, तेही माझं नव्हे, आईच्या माहेरचं! त्यांनी तपासलं, काचेवर थेंब घेतला आणि शेजारच्या खोलीत गेल्या. थोड्या वेळानं मला हाक मारली, "तुम्ही शिक्षिका ना? या, बघा." सूक्ष्मदर्शकाखाली मी पाहिलं. पेरूच्या आकाराचे बारीक ठिपके शेपट्या हलवत तडतड फिरत होते. ट्रायकोमोनास. भीती वाटायच्या ऐवजी मला इतकं हलकं वाटलं! दीड वर्ष ज्याला मी माझंच काहीतरी पाप समजत होते, तो एक हलणारा ठिपका होता.

त्यांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "मिस्टरांनाही याच गोळ्या घ्यायला सांगा, एकदमच. नाहीतर तुम्ही बऱ्या व्हाल आणि त्यांच्याकडून पुन्हा तुम्हांला होईल." मी विचारलं, म्हणजे हे त्यांच्याकडून आलं का? त्या बाईंचं उत्तर मी जन्मात विसरणार नाही. त्या म्हणाल्या, हे नवरा-बायकोत एकमेकांना लागतं, पण पुरुषाला बहुधा काही त्रासच होत नाही आणि बाईच्या अंगातही पुष्कळ काळ गुपचूप राहू शकतं. कधी आलं आणि कोणाकडून आलं ते ही काच सांगत नाही. आत्ता आहे, एवढंच सांगते.

गोळ्यांची दोन पाकिटं घेऊन मी परत आले. एक माझं. दुसरं कपाटात राहिलं. त्याचं शेवटी सांगते.

हे दिवस सरले. १९८६ साली डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे जोडपं अमेरिकेत शिकून येऊन गडचिरोलीत राहायला आलं आणि "सर्च" ही त्यांची संस्था सुरू झाली. आमच्याकडच्या भागात तेव्हा कुणी डॉक्टर स्वखुशीनं येत नसे, म्हणून त्यांचं नाव लवकर पसरलं. त्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन खेड्यांत एक अभ्यास केला. तोवर जगभर बायकांच्या या आजारांचे आकडे दवाखान्यात आलेल्या बायकांवरून काढलेले असत. यांनी उलट केलं. ज्या आल्या नाहीत त्यांचं काय, असं विचारून गावातल्या बायकांनाच तपासलं. जानेवारी १९८९ मध्ये तो अभ्यास "लॅन्सेट" या विलायती वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. मला तो कळला बऱ्याच नंतर, एका मराठी लेखातून.

६५० बायका तपासल्या. त्यांतल्या ५५ टक्के बायकांची काही ना काही तक्रार होती, ४५ टक्क्यांची काहीच नव्हती. आणि तपासणीत स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग आढळला किती जणींना? ९२ टक्के. सरासरी एका बाईला ३.६ आजार. जरा गणित करा. तक्रार असलेल्या सगळ्या जरी आजारी धरल्या तरी ५५ च होतात. उरलेल्या निदान ३७ टक्के बायका आजार अंगात घेऊन "मला काही नाही" म्हणत होत्या. आणि याआधी कधी आतली तपासणी नि उपचार झालेल्या किती? ८ टक्के. साडेसहाशेत बावन्न. तो आकडा वाचला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की खोटं आडनाव सांगून का होईना, मी त्या नशीबवान आठांतली होते. माझ्या वहीतली फुली मारलेली बाई उरलेल्या ब्याण्णवांतली.

एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण अशा आकड्यांचा गावगप्पांत फार लवकर चुथडा होतो. ९२ टक्के म्हणजे सगळे गुप्तरोग नव्हेत. त्यात पाळीच्या तक्रारी होत्या, संबंधांशी काही देणंघेणं नसलेल्या सुजा नि जंतुदोष होते. निम्मे आजार जंतुसंसर्गाचे, आणि तेही सगळे नवऱ्याकडून आलेले असतातच असं नाही. अंगावर पांढरं गेलं की घरात कुणीतरी वाकडं वागलं, असं समजणं हे काहीच न समजण्याइतकंच घातक.

या बायका तपासायला तयार कशा झाल्या? छावणीतल्या बायका कैदेच्या धाकानं जात होत्या, या आपण होऊन आल्या. तपासणारी बाई होती, त्यांच्या भाषेत बोलणारी, आधी त्यांचं ऐकून घेणारी. आणि तपासून औषध मिळणार होतं ते त्यांना बरं करण्यासाठी, कुणाच्या पलटणीच्या हजेरीसाठी नव्हे. १९९४ साली कैरोला लोकसंख्येवर जागतिक परिषद झाली, तिथं बाईचं आरोग्य म्हणजे फक्त कुटुंबनियोजन नव्हे असं जगानं मान्य केलं. त्यामागच्या पुराव्यांत आपल्या या दोन खेड्यांचा अभ्यास धरला जातो. वसा आणि अमिर्झा ही नावं तिकडे किती जणांना उच्चारता आली असतील कोण जाणे.

त्याच १९८९ साली गोव्यात याच्या नेमकं उलट घडत होतं. एच.आय.व्ही.ची भारतातली पहिली नोंद १९८६ साली चेन्नईत झाली होती आणि सगळीकडे घबराट होती. म्हापशाजवळच्या पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदान करी. त्याच्या रक्ताची एच.आय.व्ही. तपासणी झाली, पण त्याला ती सांगितली गेली नाही. फेब्रुवारीत त्याला पोलीस चौकीवर बोलावलं आणि तिथून नेऊन क्षयरोग्यांच्या एका रिकाम्या जुन्या इमारतीत, पहाऱ्यात, एकट्याला ठेवलं. ६४ दिवस. गोव्याच्या आरोग्य कायद्यातच तसं कलम होतं. त्याची आई ल्यूसी उच्च न्यायालयात गेली. तो सुटला, पण तो सुटेपर्यंत गावात, गोव्यात, देशात त्याचं नाव झालं होतं. १९९२ साली तो वारला. "माय ब्रदर निखिल" हा २००५ सालचा सिनेमा त्याच्या आयुष्यावरून सुचलेला आहे, मिळाला तर बघा. ज्यानं दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून रक्त दिलं त्याच्या रक्ताची गोष्ट त्याच्याआधी पोलिसांना कळली!

आता कायदा बदलला आहे. २०१७ साली एच.आय.व्ही.चा कायदा झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. माणसाला समजावून, त्याची संमती घेतल्याशिवाय ही तपासणी करता येत नाही आणि त्याचा निकाल परस्पर दुसऱ्याला सांगता येत नाही. सरकारी दवाखान्यांत त्यासाठी समुपदेशनाची खोली असते, तपासणी फुकट होते. बाकीच्या लैंगिक आजारांसाठी "सुरक्षा क्लिनिक" असतं. नाव चांगलं आहे. पण तालुक्याच्या गावात त्या दाराशी बाकावर बसलेली बाई आजही पदर डोळ्यांपर्यंत ओढून बसलेली मी पाहिली आहे, कारण समोरून जाणारा प्रत्येक जण पाटी वाचतो नि मग तोंड बघतो. कंपाउंडरची मुलगी प्रत्येक गावात असते.

म्हणून ज्या चौघांनी मला फोन केले त्यांना उत्तर देते. पोरीला मी काही सुनावणार नाही. तुम्ही एक करा. घरातल्या सुनांच्या बाळंतपणाच्या फायली काढा. प्रत्येकीच्या फायलीत व्ही.डी.आर.एल.चा कागद असेल, एच.आय.व्ही.चाही असेल. पोटुशी बाई नाव नोंदवायला गेली की तिचं रक्त यासाठी तपासतातच, बाळ वाचावं म्हणून, आणि ते योग्यच आहे. आपल्या घरातल्या एकाही सासऱ्याला त्यात घराण्यावर संशय दिसला नाही. आता त्याच घरातल्या किती मुलग्यांची ही तपासणी झाली ते मोजा. मी मोजले. आमच्या भाऊबंदांतल्या अकरा लग्नं झालेल्या मुलांपैकी एक, तोही परदेशी जायला कागद लागला म्हणून.

आणि त्या बाईंना, ज्यांनी "तिला गरज का वाटली" विचारलं, त्यांना एवढंच सांगायचं आहे की तो कागद चांगल्या चालीचा दाखला नाही, आणि वाईट चालीचाही नाही. लागण नुकतीच झाली असेल तर कागद साफ येऊ शकतो, आणि ज्याचं काहीच चुकलं नाही त्याचाही कधी येत नाही. बी प्रकारची कावीळ तर आईकडून जन्मतःच लागलेली असू शकते. मुलीनं आपला कागद आधी पाठवला होता. तिनं मुलाकडं मागितलं ते स्वतः देऊन मागितलं होतं.

राहिलं कपाटातलं पाकीट.

मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "मला काय झालंय? मी ठणठणीत आहे." आवाज चढला नव्हता, पण विषय संपला होता. माझी दुखणी थांबली आणि तीन महिन्यांत परत सुरू झाली. मी उन्हाळ्यात पुन्हा नागपूरला गेले, पुन्हा "दात". डॉक्टरबाईंनी पुन्हा काच बघितली आणि विचारलं, त्यांनी घेतल्या? मी मान हलवली. त्यांनी पुन्हा दोन पाकिटं लिहून दिली, काही बोलल्या नाहीत. असं एकंदर तीनदा झालं. हे वाईट नव्हते. ज्यांनी यांना पाहिलं आहे त्यांना माहीत आहे, दुसऱ्याचं दुखणं बघवत नसे त्यांना. पण स्वतः तपासून घ्यायचं, औषध घ्यायचं, म्हणजे काहीतरी कबूल करायचं असं त्यांना वाटत असावं. आणि कबूल करण्यासारखं काही होतं की नव्हतं, ते मी विचारलं नाही. काच सांगत नाही हे मला माहीत होतं.

तिसऱ्या खेपेनंतर, १९८२ च्या पावसाळ्यात, एका रात्री वीज गेली होती. मुलं झोपली होती. कंदिलाच्या उजेडात मी वह्या तपासत होते. हे कपाटाशी गेले, बराच वेळ पाठमोरे उभे राहिले आणि तसंच, मागे न बघता, म्हणाले,

"या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर?"

मी म्हटलं, "नंतर." आणि वह्या पुढे तपासत राहिले.